चिमट्याचा नमस्कार

तीस वर्षं मी चिप बनवणाऱ्या लोकांत नोकरी केली आणि चिप बनताना एकदाही पाहिली नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी नम्रपणा करतेय. छे, नम्रपणा आणि मी! माझं काम होतं दुसऱ्यांनी काढलेल्या सर्किटमधल्या चुका कॉम्प्युटरवर शोधण्याचं. ती सवय अंगात इतकी मुरली की नवरा म्हणतो, "ही आमटीतसुद्धा बग काढते." काढते. असतो म्हणून काढते.

माझे वडील, अण्णा, चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर होते. आता पंच्याऐंशीचे आहेत. दर रविवारी सकाळी मी न्यू जर्सीहून त्यांना व्हिडिओ कॉल करते, आणि इतकी वर्षं त्यांचा एक प्रश्न ठरलेला: "तू चिप बनवतेस म्हणजे हाताने नेमकं काय करतेस गं?"

"टाइप करते, अण्णा."

"बरं," म्हणायचे. बस, एवढंच. त्या 'बरं'ने माझा अख्खा रविवार खराब व्हायचा.

म्हणून गेल्या वर्षी नोकरी सोडल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर पिस्कॅटवेच्या आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या एका कॉलेजात चिप फॅब्रिकेशनच्या लॅबला नाव घातलं. दर शनिवारी सकाळी आठ ते दोन, एक अख्खं सेमिस्टर. तुकतुकीत सिलिकॉनची एक चकती घ्यायची, पुरीएवढी, तिला वेफर म्हणतात. तिच्यावर स्वतःच्या हाताने ट्रान्झिस्टर बनवायचे आणि शेवटी ते चालतात का ते मोजायचं. मी ऑडिटवर होते, म्हणजे मला ना मार्क, ना परीक्षा. अठ्ठावन्नाव्या वर्षी मार्क घेऊन लोणचं घालायचंय का?

माझ्या जोडीदारणीचं मात्र तसं नव्हतं. आम्ही सहा जण, दोघांत एक वेफर, आणि मला जी मुलगी मिळाली ती इथेच जन्मलेली, एकवीस वर्षांची. आईबाबा नागपूरचे. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. आईने शिकवून ठेवलेलं असणार, म्हणून पहिल्या दिवसापासून मला 'मावशी' म्हणायची. "मावशी, कॅन यू पास द टायमर?" अशी आमची भाषा.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी तिने सांगितलं की तिला ही लॅबच हवी आहे. उन्हाळ्यात इथे असिस्टंटची एकच जागा होती. ती मिळाली तर पुढे खऱ्याखुऱ्या फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, जायची वाट मोकळी. तिच्या बाबांनी मात्र दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला ओळखीच्या एका काकांकडे, डेटा सेंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिची नोकरी जवळजवळ ठरवून टाकली होती. घरात तह झाला होता तो असा: लॅबची जागा मिळाली तर ती राहणार, नाहीतर मुकाट्याने अ‍ॅशबर्न. आणि ती जागा कुणाला द्यायची हे ठरवणार होते लॅबचे मॅनेजर, प्रत्येकाच्या वेफरकडे बघून.

या मॅनेजरना मी मनातल्या मनात फौजदार म्हणायचे. सव्वासहा फूट उंच, पांढरी दाढी, दाढीला जाळी. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी नियम वाचून दाखवले. पावडर नाही, क्रीम नाही, लिपस्टिक नाही, परफ्यूम नाही. मग माझ्याकडे पाहून अतिशय सौम्यपणे म्हणाले, "आणि कपाळावरचा तो ठिपकाही नाही." मी टिकली काढली आणि लॉकरच्या दाराला आतून चिकटवली. दर शनिवारी एक. सेमिस्टर संपेपर्यंत तिथे चांगली रांग झाली होती.

मग तो पांढरा झगा, बूट, डोक्यावर टोपडं, तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल, हातात ग्लोव्ह्ज. माझ्या अंबाड्यामुळे टोपडं सारखं मागे सरकायचं आणि गॉगलच्या वर दोन बोटं कपाळ उघडं राहायचं. फौजदार खुणेने सांगायचे, खाली ओढा. मी ओढायचे, ते पुन्हा सरकायचं.

पण काय मजा होती म्हणून सांगू! हजार डिग्रीच्या भट्टीत करडी चकती आत जायची आणि बाहेर येताना मोरपंखी होऊन यायची. रंग लावलेला नसतो हं, तिच्यावर काचेसारखा एक थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. फौजदार नुसता रंग बघून जाडी सांगायचे आणि मशीन नंतर तोच आकडा दाखवायचं. पिवळ्या दिव्यांच्या खोलीत आम्ही चकतीवर रसायनाचे चार थेंब टाकून तिला गरगर फिरवायचो. आमचा पहिला थर असा काही पसरला की मी म्हटलं, "हा तर फाटलेला डोसा!" मुलगी इतकी हसली की गॉगलवर वाफ धरली. ॲसिडच्या टेबलापाशी तोंडावर ढाल, अंगावर जाड एप्रन, त्यावर आणखी एक जोडी ग्लोव्ह्ज. त्या अवतारात मी सेल्फी मागितला, तर फौजदारांनी नुसतं बघितलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला नजरेचा पुरला.

सगळ्यात नाजूक पायरी होती गेटच्या थराची. ट्रान्झिस्टर म्हणजे समजा नळ. त्याची चावी म्हणजे गेट, आणि त्या चावीखाली एक अतिशय पातळ थर असतो. तो चोख पाहिजे. फौजदार म्हणाले होते, "या पायरीआधी वेफर धुवायचा, वाळवायचा आणि थेट भट्टीत. मध्ये काही नाही." धुण्याचं काम मुलीने घेतलं, कारण तिचा हात स्थिर होता. भट्टीत चढवायचं मी मागून घेतलं. म्हटलं, "ही वेळ माझी. मला अण्णांना सांगायचंय." तिने हसून चिमटा माझ्याकडे दिला. मी वेफर त्याच्या एका बाजूच्या कापलेल्या सपाट कडेशी धरला, होडी म्हणतात त्या काचेच्या ट्रेमध्ये उभा केला, दांड्याने होडी हळूहळू आत ढकलली. आतून लालबुंद उजेड तोंडावर आला. मला भरून आलं. खरंच सांगते, लेकाच्या मुंजीतसुद्धा इतकं भरून आलं नव्हतं.

त्यानंतरचे शनिवार अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा आणि तारांचे पट्टे करण्यात गेले, आणि मोजण्याचा दिवस उजाडला. वेफरवर एकच नक्षी चाळीस वेळा छापलेली असते. मायक्रोस्कोपखाली एकेका नक्षीवर सुया टेकवायच्या आणि पडद्यावर आलेख बघायचा. तक्त्यातला पहिला नंबर सपाट कडेपाशी, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

पहिला नळ बंदच होईना. चावी पूर्ण फिरवली तरी करंट वाहतोय. दुसरा तसाच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे गळके. फौजदारांचा नियम होता: ओळीने पाच गेले की थांबायचं. त्यांनी वेफर गरम केला, चावीवर थोडा वेळ व्होल्टेज ठेवलं, पुन्हा मोजलं. आलेख सरकून भलतीकडेच गेला होता.

"मीठ," ते म्हणाले. "थरात मीठ आहे. गरम केलं की ते चालायला लागतं. घामातलं मीठ. कुणाची तरी कातडी या वेफरपर्यंत पोचलीय." मग मुलीकडे वळले. "धुतला कुणी?"

"मी," ती म्हणाली.

बाकीच्या दोन जोड्यांचे वेफर छान चालत होते. म्हणजे भट्टी ठीक, पाणी ठीक. चूक आमच्यातच. आणि आता लिहायलाही लाज वाटते, पण माझ्यातली ती तीस वर्षांची बग शोधणारी बाई ताडकन जागी झाली. "तू ग्लोव्ह्ज बदलले होतेस ना?" मी विचारलं. सगळ्यांच्या देखत.

"आय डिड, मावशी."

"धुण्याच्या आधी? नक्की?"

"येस."

"मग मास्क सारखा केलास का त्याच हाताने? आठवून बघ. ग्लोव्ह्ज नक्की बदललेस?"

तिने मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. फौजदार म्हणाले, "जेवून या. दोनच्या आत मी ठरवतो." काय ठरवतो ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी तरातरा बाहेर पडले. गाडी साडेबाराच्या आत दुसऱ्या पार्किंग लॉटमध्ये हलवायची होती, नाहीतर दंडाचं तिकीट. डोक्यात एकच चाललेलं: हल्लीची मुलं, लक्ष म्हणून नाही, एवढं साधं धुणं जमू नये! गाडीत बसले, बटण दाबलं, गाडी सुरू झाली. उजवा हात स्टिअरिंगला लागला आणि तिथून कपाळाकडे निघाला.

अर्ध्या वाटेत माझं माझ्या हाताकडे लक्ष गेलं.

हे मी रोज करते. गाडी, मिक्सर, नवा लॅपटॉप, ऑफिसातला कॉम्प्युटरसुद्धा. अण्णा रोज सकाळी लेथच्या चाकाला हात लावायचे, मग कपाळाला, मगच मशीन सुरू. लहानपणी सकाळचा डबा द्यायला जायचे तेव्हा कितीदा बघितलंय. खंडेनवमीला तर आमच्या घरी पान्यांना आणि स्क्रू ड्रायव्हरनाही हळदकुंकू. हत्यार हातात घेतलं की ते कपाळाला लावायचं, हे मला कुणी शिकवलं नाही, ते हाताला आपोआप येतं. आणि त्या दिवशी, भट्टीच्या तोंडाशी, ऊर भरून आलेला असताना, माझ्या हातात हत्यार होतं चिमटा.

मला तो थंड चिमटा कपाळाला लागलेला आठवला. टोपड्याच्या खाली, गॉगलच्या वर, बरोबर त्या उघड्या दोन बोटांवर. भट्टीशेजारी उभी राहून घामाघूम झालेलं माझं कपाळ! पोर पाठमोरी टेबल पुसत होती, तिला कळायचं कारणच नव्हतं. बाकीच्या पायऱ्यांनाही मी हेच केलं असणार, पण त्यानंतर वेफर धुतला जायचा. इथे मध्ये काही नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर ओढायला चोर स्वतःच पुढे!

गाडी तशीच ठेवून मी धावले. अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. मुलगी इमारतीबाहेरच्या बाकावर बसली होती. सँडविच कागदातच होतं आणि ती फोनवर काहीतरी टाइप करत होती.

"कुणाला लिहितेस?"

"बाबांना." वर न बघता ती म्हणाली. "मंडेचा अ‍ॅशबर्नचा इंटरव्ह्यू. आय ॲम सेइंग येस."

"पाठवू नकोस. गेला का? नाही ना? ठेव तो फोन खाली." मला धाप लागली होती. "तू नाहीस. मी आहे. मी चिमटा कपाळाला लावला."

तिला काही समजेना. मी हवेत चिमटा धरून करून दाखवलं. ती बघत राहिली, मग हसेल असं मला वाटलं. नाही हसली. तिचे डोळे भरून आले आणि ती रागाने म्हणाली, "यू आस्क्ड मी थ्री टाइम्स, मावशी. इन फ्रंट ऑफ एव्हरीवन."

यावर सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. थकवा, वय, सवय. पण मी म्हटलं, "हो. तीनदा. सगळ्यांसमोर. चुकलं माझं." आमच्या घरात मोठ्यांनी लहानांची माफी मागायची पद्धत नाही, त्यामुळे मला ते नीट म्हणताही आलं नाही. "चल. जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच निस्तरते."

आत जाऊन मी फौजदारांना सांगितलं. बाकीच्या दोन जोड्या होत्याच. फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक चिमटा माझ्यापुढे केला. "दाखवा." मी दाखवलं. माझी कानशिलं तापली होती.

"हे कुठून आलं?" त्यांनी विचारलं. मी लेथचं सांगितलं. त्यांनी दाढीच्या जाळीवरून हात फिरवला. "लोखंडाला घाम चालत असेल," म्हणाले. "सिलिकॉनला नाही चालत." मग त्यांनी वेफर उचलून उजेडात धरला. "चिमटा सपाट कडेला होता. तुम्ही मोजलंही सपाट कडेलाच." आणि मुलीला म्हणाले, "समोरच्या टोकापासून सुरू कर."

तिने खुर्ची ओढली, डोळे पुसले आणि ग्लोव्ह्ज बदलले. माझ्याकडे बघून बदलले, हेही मला दिसलं. सुया टेकवल्या. त्या सुया टेकवताना तिचा हात जरासुद्धा हलत नाही. पडद्यावर एक रेघ उमटली, मग तिच्यावर दुसरी, तिसरी, पंखा उघडावा तशा पाच. चावी मागे घेतली आणि नळ ठार बंद. मी ओरडलेच, "अगं चालला!" पुढचाही चालला. त्यापुढचाही. चाळीसपैकी तेवीस चालले, आणि सपाट कडेकडे यावं तसे हळूहळू बिघडत गेले. तिने प्रत्येक नंबर तक्त्यात भरला आणि फौजदार म्हणाले तशी चालणारे आणि बिघडलेले यांच्या मधून रेघ ओढली. माझं मीठ कुठपर्यंत पोचलं होतं त्याचा नकाशाच तो.

"दूषित कसा झाला हे माहीत असलेला वेफर माझ्याकडे आजवर नव्हता," फौजदार म्हणाले. "हा मी शिकवायला ठेवणार." मग मुलीला म्हणाले, "जूनच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात. उशीर मला चालत नाही."

तिने फोन काढला, बाबांना लिहिलेलं पुसलं आणि दुसरं काहीतरी लिहिलं. काय ते मी वाचलं नाही. तेवढी तरी अक्कल मला त्या दिवशी आली होती. गाडीवर तिकीट लागलेलं होतं, ते मी आनंदाने भरलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णांना मी वेफरचा फोटो दाखवला. ते चष्मा वर करून फोनला इतके चिकटले की मला नुसता त्यांचा एक डोळा दिसत होता. "हे तू हाताने केलंस?"

"हाताने."

"सगळं?"

"अर्धं. अर्धं नमस्काराने बिघडवलं." आणि मी त्यांना सगळी कहाणी ऐकवली. फौजदारांचं वाक्यसुद्धा, की लोखंडाला घाम चालतो.

"कोण म्हणतो चालतो?" अण्णा एकदम तावातावाने बोलायला लागले. मला वाटतं दहा वर्षांत मी त्यांना इतकं तापलेलं पाहिलं नव्हतं. "घासून तयार केलेल्या लोखंडी जॉबला घामाचं बोट लागलं ना, की दुसऱ्या दिवशी त्या ठशावर गंज! आमच्याकडे एक जण होता, त्याचा घाम असा की त्याला फिनिशच्या जॉबला हातच लावू द्यायचे नाहीत. अगं, नमस्कार झाला की मी काय करायचो?"

"मशीन सुरू करायचात."

"त्याच्या आधी!"

मला काहीच आठवत नव्हतं.

"खांद्यावर फडकं असायचं की नाही माझ्या? नमस्कार झाला की हात पुसायचो. रोज. तू डबा घेऊन समोरच उभी असायचीस." ते खुर्चीत मागे टेकले. "नमस्कार तेवढा बघितलास होय!"

मला फडकं आठवलं. निळ्या चौकड्यांचं, तेलकट. ते खांद्यावर असायचं, हे नक्की आठवतं. त्यांनी ते हातात घेतलेलं काही केल्या आठवेना. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, तिने आपल्या बापाचं कामही अर्धंच बघितलं होतं.

"आणि त्या पोरीला हे सांगितलंस का?" अण्णांनी विचारलं. "तिला सांग. ती आता तिथे काम करणार आहे ना?"

मी तिला मेसेज केला. फडक्याचं सगळं लिहिलं, मराठीत, लांबलचक. त्यावर तिचा नुसता अंगठा आला. म्हटलं, अजून राग आहे, असू दे, तिचा हक्क आहे.

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. तिने एक फोटो पाठवला होता. कपडे बदलायच्या खोलीतल्या दारावर नियमांचा कागद असतो, एक ते चौदा पायऱ्यांचा, फौजदारांनी टाइप केलेला. त्याच्या वरच्या कोऱ्या जागेत, पायरी एकच्याही आधी, तिने बॉलपेनने दोन ओळी लिहिल्या होत्या. अक्षर पहिलीतल्या मुलीचं असावं तसं, पण मराठी:

इथे नमस्कार करा.

आता हात पुसा.

कागदाच्या शेजारी खिळ्याला एक पांढरं फडकं टांगलेलं होतं. मी तो फोटो तसाच अण्णांना पाठवला.